तिठ्यावरचं औषध

आत्याचा केमो मागच्या पावसाळ्यात झाला. गोव्यात डिचोलीहून बांबोळीच्या इस्पितळात जायचो. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाच्या सलाईनआधी तिला दरवेळी आणखी इंजेक्शनं मिळायची. "हीं कसली गे बाय?" तिने विचारलं. अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून, मी म्हटलं. "म्हणजे औषध सोसावं म्हणून आणखी औषध?"

अगदी तसंच आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून ते नेहमीच्या केमोत एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून देतात, आणि अंगावर उठतं ते बऱ्याचदा त्या द्रावकामुळे. पुढे केस गळाले तेव्हा आत्याचा दुसरा प्रश्न आला, "गाठ छातीत, मग डोक्याने काय केलं होतं?" भराभर वाढणारी प्रत्येक पेशी या औषधाला सारखीच दिसते, केसांच्या मुळातलीसुद्धा. हे मी तिला सांगितलं, पण ते ऐकून तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. औषध थेट गाठीकडेच नेता येईल का, हे शोधताना मी आरएनएपाशी पोचले.

बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी आरएनएला वर्षानुवर्षं निरोप्या म्हणत आले. डीएनएचा निरोप पोचवला की काम संपलं. आरएनए बांधकामाचं साहित्यही होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

फाय-२९ नावाचा एक विषाणू आहे, जिवाणूंना ग्रासणारा. आपला डीएनए कवचात भरायला तो एका छोट्या आरएनएची मदत घेतो. पेइश्वान ग्वो या शास्त्रज्ञाने हा आरएनए १९८७ मध्ये शोधला, आणि १९९८ मध्ये त्याचे सहा रेणू एकमेकांत अडकून कडं करतात हे दाखवलं. त्याच आरएनएच्या पोटात एक तिठा आहे. आमच्याकडे तीन वाटा मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात, आणि इंग्रजीतल्या त्याच्या नावाचा अर्थही तोच. आरएनएचे तीन आखूड तुकडे एकत्र सोडले की हा तिठा आपोआप जुळतो, आणि जुळला की सहजी सुटत नाही.

साधा आरएनए रक्तात टिकत नाही. आपल्या घामातही त्याला कातरणारी एन्झाइम असतात, म्हणून प्रयोगशाळेत हातमोज्यांशिवाय कोणी त्याला शिवत नाही. आरएनएतल्या साखरेच्या कड्यावर ठरावीक जागी फ्लोरिन बसवला, की ही कातरी चालेनाशी होते.

हे आत्याला नीट समजलं ते चवथीला, गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखाली. लाकडी चौकटीला केवणीच्या सालीने आम्ही नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन बांधत होतो. मी म्हटलं, ही चौकट म्हणजे तो तिठा. एका हाताला फोलेट हे जीवनसत्त्व बांधायचं, कारण ते धरून ठेवणारे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे आकडे, बऱ्याच कर्करोगपेशींवर जास्त असतात. दुसऱ्या हाताला चमकणारा रंग, म्हणजे गाठ कुठे आहे ते कॅमेऱ्यात दिसतं. तिसऱ्याला औषध, किंवा मायक्रोआरएनए-२१ ला अडवणारा तुकडा. मायक्रोआरएनए-२१ हा इवलासा आरएनए कितीतरी कर्करोगांत वाढलेला सापडतो. निदान आणि उपचार, दोन्ही एकाच चौकटीवर.

२०२० मध्ये ग्वो यांच्या गटाने चार हातांच्या अशाच एका चौकटीवर पॅक्लिटॅक्सेलचे २४ रेणू बांधले. आरएनएला पाण्याची ओढ असल्यामुळे औषधही त्याच्याबरोबर पाण्यात उतरलं. ते वाचताना मला आत्याची ती आधीची इंजेक्शनंच आठवली. पण तो प्रयोग उंदरांवरचा होता, हेही मी तिला लगेच सांगितलं. कुणी हे वाचून आपला चालू केमो थांबवू नये, ही माझी कळकळीची विनंती.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि गाठीला न लागलेलं कुठे राहतं? अंगातच?"

नाही. हे कण रबरासारखे ताणले जातात. गाठीच्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, त्यांच्या फटींतून ते आत शिरतात आणि उंदरांत तरी उरलेले बहुतेक मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातात.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तोरंजनाची गाठ ओढून घट्ट केली. तिच्या डोक्यावर आता बोटभर केस आले आहेत.