तास जुळवू नका, कसोटी जुळवा

युरोपातल्या देशांचं सागरी प्रशिक्षण एकसारखं करायचं म्हटलं की पहिली सूचना ठरलेली असते: सगळ्या संस्थांचा अभ्यासक्रम एक करा, तास सारखे करा. माझ्या मते सुरुवातच इथे चुकते.

एक तर कागदावरचं काम बरंचसं झालेलं आहे. १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार (जहाजावरच्या माणसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्रं आणि पाळ्या यांचा आंतरराष्ट्रीय करार), त्यातल्या २०१० च्या मनिला दुरुस्त्या आणि त्यावर उभा असलेला युरोपीय संघाचा २०२२/९९३ हा निर्देश यांनी किमान पातळी ठरवून दिली आहे. लिस्बनच्या ईएमएसए या युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेचे निरीक्षक सदस्य देशांतल्या संस्था आणि सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणा तपासतात. प्रत्येक देशाला आपल्या यंत्रणेचं स्वतंत्र मूल्यमापन जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने करून घ्यावं लागतं.

दुसरं म्हणजे तास जुळणं शक्यच नाही. जर्मनीत ‘शिफ्समेखानिकर’ तीन वर्षांच्या उमेदवारीत डेक आणि इंजिन दोन्हीकडची कामं शिकतो. नॉर्वेत दोन वर्षं शाळा आणि दोन वर्षं उमेदवारी, मग डेकवरच्या किंवा इंजिनरूममधल्या कामाचं व्यवसाय प्रमाणपत्र. नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये दोन्ही खात्यांचा मिळून एकच अधिकारी घडवण्याची परंपरा आहे. जो पंप उघडायला जहाजावर शिकला आणि जो वर्कशॉपमध्ये, त्या दोघांचे तास कुठल्या तक्त्यात सारखे बसवणार? पंप नीट जोडता येतो का, हे मात्र दोघांकडूनही एकाच पद्धतीने तपासता येतं.

एसटीसीडब्ल्यू संहितेतल्या क्षमतांच्या तक्त्यांना चार रकाने असतात: क्षमता, त्यासाठी लागणारं ज्ञान, ती सिद्ध करण्याची पद्धत आणि मूल्यमापनाचा निकष. बहुतेक संस्था दुसऱ्या रकान्यावरून धडे आखतात आणि चौथ्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बघतात. दोन देशांच्या संस्थांना खरंच जुळवून घ्यायचं असेल तर चौथ्या रकान्यापासून उलट चालावं. अडचण अशी की तिथली भाषा मोघम आहे. जहाजाचं स्थान ‘स्वीकार्य त्रुटीच्या मर्यादेत’ असावं, असं लिहिलंय. किती म्हणजे स्वीकार्य, ते परीक्षकावर.

म्हणून एकेका कामाची पायरीवार तपासणी लिहून काढावी लागते. किनाऱ्यावरच्या खुणांची बेअरिंग, म्हणजे दिशेचे कोन, घेऊन स्थान काढणं हेच घ्या. उमेदवाराने तीन खुणा निवडल्या का, आणि त्यांच्यामधले कोन साधारण ६० अंशांच्या आसपास आहेत का? जायरो होकायंत्राची त्रुटी आधी काढली का, आणि बेअरिंगला अधिक-उणेच्या योग्य चिन्हाने लावली का? (सर्वाधिक उमेदवार चिन्हातच घसरतात.) पुढच्या-मागच्या खुणांची बेअरिंग हळू बदलतात, बाजूच्या खुणेची झपाट्याने. म्हणून बाजूची शेवटी घेऊन त्याच क्षणाची वेळ नोंदवली का? चार्टवर तीन रेषा एका बिंदूत न मिळता मोठा त्रिकोण आला, तर उमेदवार खूण चुकली का, त्रुटी लावायची राहिली का हे शोधतो, की मधोमध टिंब देऊन मोकळा होतो? शंका असेल तर स्वतःला धोक्याच्या सर्वात जवळच्या कोपऱ्यात धरून चालतो का? आणि शेवटी जीपीएसशी ताडून बघतो का? हा एक कागद दोन्हीकडच्या परीक्षकांनी मान्य केला, तर उमेदवार हे कुठे आणि किती तासांत शिकला याला फारसा अर्थ उरत नाही. त्याआधी दोघांनी एकाच उमेदवाराची चाचणी शेजारी बसून, एकमेकांशी न बोलता तपासावी. गुणांत फरक आला तर दोष कागदाच्या शब्दांत आहे असं आधी धरावं.

सर्वात जास्त घोळ सीटाइमचा, म्हणजे जहाजावर काढलेल्या काळाचा. ५०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजावर वॉच (जहाजावरची पहाऱ्याची पाळी) सांभाळणाऱ्या डेक अधिकाऱ्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षणासह किमान १२ महिने लागतात, ते नसेल तर ३६. शिवाय किमान सहा महिने देखरेखीखाली ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, वॉच. ७५० किलोवॅटपासूनच्या इंजिनरूमसाठीही १२ महिनेच, पण त्यात वर्कशॉपचा काळ धरता येतो. इंजिनरूम वॉचचे सहा महिने तिथेही लागतात. आता दोन्ही खात्यांच्या कॅडेटचं, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याचं, गणित मांडा. त्याला सहा महिने ब्रिज आणि सहा महिने इंजिनरूम लागतात. बेरीज बरोबर १२. म्हणजे हातात एक दिवसही शिल्लक नाही. जहाज दोन आठवडे गोदीत गेलं की हिशेब मोडतो. करारात सीटाइमची व्याख्या ‘सर्टिफिकेटसाठी सुसंगत अशी जहाजावरची सेवा’ एवढीच आहे. गोदीतले दिवस कसे मोजायचे ते तिथे लिहिलेलं नाही. कॅडेट पाठवण्याआधी दोन्ही देशांच्या प्रशासनांकडून हे लेखी घ्यावं, आणि कॅडेटशी करार १२ ऐवजी १४ महिन्यांचा धरावा. दोन महिन्यांचा खर्च वाढतो, पण अख्खी ट्रिप वाया जात नाही.

टीआरबीत, म्हणजे जहाजावरच्या प्रशिक्षण नोंदवहीत, दिसणारी खूण ओळखायला शिका: वीस कामांवर एकाच तारखेची, एकाच पेनाची सही. ती बहुधा साइन-ऑफच्या, म्हणजे जहाज सोडण्याच्या, आदल्या दिवशीची असते. वॉचवरच्या अधिकाऱ्याला वेळ नसतो, आणि २४ तासांत किमान १० तास विश्रांतीचा नियम पाळताना प्रशिक्षणाचाच वेळ आधी कापला जातो. यावर उपाय सही वाढवणं नाही. कामांची संख्या कमी करा, आणि प्रत्येक नोंदीत तारीख, जहाज कुठे होतं आणि उमेदवाराने काय चुकवलं याची एक ओळ सक्तीची करा.

मान्यतेचा भाग त्या मानाने सरळ आहे. सक्षमता प्रमाणपत्र दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली वापरायला त्या देशाचं एंडोर्समेंट, म्हणजे मान्यतेची नोंद, लागतं. अर्ज केल्याचा पुरावा जवळ असेल तर मूळ सर्टिफिकेटवर जास्तीत जास्त तीन महिने काम करू देता येतं. व्यवस्थापन पातळीच्या अधिकाऱ्याला त्या झेंड्याचे सागरी कायदे माहीत असावे लागतात; याचा अभ्यास बरेच जण अर्ज भरल्यावर सुरू करतात आणि अडकतात.

भाषेबद्दल मात्र सवलत देऊ नये. एप्रिल १९९० मध्ये ‘स्कॅन्डिनेव्हियन स्टार’ या फेरीबोटीला आग लागून १५९ माणसं गेली. बरेच खलाशी पोर्तुगीज होते आणि त्यांना नॉर्वेजियन, डॅनिश किंवा इंग्रजी येत नव्हती. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची सागरी संवादाची प्रमाण वाक्यं २००१ पासून आहेत, पण ती पाठ करून घेणं म्हणजे भाषा तपासणं नव्हे. अग्निशमनाच्या सरावातच, धुरात, रेडिओवर, वेगळ्या उच्चाराच्या माणसाकडून आदेश देऊन बघा. उमेदवार आदेश परत उच्चारून खात्री करतो का, एवढं एकच टिपलं तरी लेखी परीक्षेपेक्षा जास्त कळतं.

हे सगळं अशक्य वाटत असेल तर नद्यांकडे बघावं. अंतर्गत जलमार्गांसाठी २०१७/२३९७ या निर्देशाने आणि सेस्नी या अंतर्गत जलवाहतुकीची मानकं ठरवणाऱ्या युरोपीय समितीच्या मानकांनी क्षमतांबरोबर प्रात्यक्षिक परीक्षेची आणि सिम्युलेटरचीही सामायिक मानकं ठरवली आहेत. समुद्रासाठी सुरुवात करायला पाच कामं पुरेत: वॉच ताब्यात घेणं, स्थान काढणं, बंद जागेत शिरण्याआधीची तपासणी, पंप उघडून जोडणं आणि ब्लॅकआउटनंतर, म्हणजे जहाजावरची वीज गेल्यावर, जनरेटर पुन्हा लोडवर आणणं.