बैल फुटला नव्हता

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या स्टुडिओच्या भट्टीत जे घडले, त्याचा निकाल बहुतेकांनी केव्हाच लावून टाकला आहे. मला तो मान्य नाही. ज्या गृहस्थांवर तो लागला त्यांनी मात्र तो निमूटपणे मान्य केला, आणि हीच गोष्ट मला अजून छळते आहे.

पश्चिम नागपुरात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचा कुंभारकामाचा सामुदायिक स्टुडिओ आहे आणि मी तेथे शिकवते. रविवारचा वर्ग सर्व पातळ्यांसाठी खुला असतो. मातीला पहिल्यांदाच हात लावणारी महाविद्यालयीन मुलगी आणि वर्षानुवर्षे चाकावर बसणारे जुने सभासद एकाच खोलीत काम करतात आणि सगळ्यांच्या वस्तू विजेच्या एकाच भट्टीत भाजल्या जातात. शिकवणे म्हणजे चाकाशेजारी बसून विद्यार्थ्याचे हात धरणे, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ वस्तूंच्या सुकण्यावर पहारा ठेवण्यात जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कपाचा काठ बघता बघता कडक होतो आणि कान जोडायला घ्यावा तर जोड धरत नाही, म्हणून सगळे काही ओल्या फडक्याखाली आणि प्लास्टिकखाली झाकून ठेवावे लागते. तोच कप ऑगस्टमध्ये आठवडा उलटला तरी तळाशी ओला असतो आणि वरून मात्र सुकल्याचे सोंग आणतो.

ऑगस्ट हा आमच्याकडे गर्दीचाही महिना. आधी पोळा, पाठोपाठ गणपती. शाडूची मूर्ती करायला आलेले पालक दरवर्षी ती 'पक्की भाजून' मागतात, आणि भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणजे विसर्जनाचा हेतूच बुडतो, हे मी त्यांना दरवर्षी समजावून सांगते. शेतातली काळी माती पिशवीत भरून आणणारेही असतात. ती माती पाण्याने फुगते आणि सुकताना इतकी आकसते की नुसत्या तिचे भांडे भट्टीपर्यंत पोहोचतच नाही, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. हा खडा भट्टीत तापून त्याचा कळीचा चुना होतो आणि नंतर हवेतला ओलावा शोषून तो फुगला की घरच्या कपाटात ठेवलेल्या भांड्याचा टवका उडतो. लोकांना हे सांगितले की त्यांना वाटते, आपल्या शेताचा अपमान झाला.

या वर्गात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका येत. मूळचे पवनीकडचे, धानाच्या मुलखातले. चाकावर त्यांची प्रगती फारशी नव्हती. माती मध्यात आणणे ही पहिलीच पायरी त्यांना जमत नव्हती. गोळा डगमगत राही आणि भिंत वर उचलली की कोसळे. ते हसून माती पुन्हा मळायला घेत. पोळा जवळ आला तेव्हा त्यांनी चाक बाजूला ठेवले आणि नातवासाठी हातानेच बैल घडवला. बैल चांगला वीतभर उंच, पोट तीन बोटे जाड, आतून भरीव. तो मी हातात घेतला तर माती खरखरीत लागली. विचारले, तर म्हणाले, "कोंडा टाकला न मॅडम. कोंडा नाही टाकला तं चूल तडकते, आई टाकतच होती." स्टुडिओची माती त्यांनी घरी नेऊन तिच्यात धानाचा कोंडा मळला होता, आणि बैल घडवून झाल्यावर तो इन्व्हर्टरवर ठेवून रोज फिरवत सुकवला होता.

येथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू भट्टीत फुटते, असे सगळे सांगतात, अगदी काही शिक्षकही. कोरड्या मातीतली हवा सहसा काही करत नाही. फोडते ते पाणी. शंभर अंशांवर पाण्याची वाफ होते तेव्हा तिचे आकारमान सुमारे १६०० पटींनी वाढते आणि जाड मातीच्या पोटातून तिला वेळेत वाट सापडली नाही तर ती वाट स्वतः पाडते. म्हणून भट्टी सुरुवातीला काही तास शंभराच्या खाली ठेवायची, झरोका उघडा ठेवायचा आणि झरोक्यासमोर आरसा धरून पाहायचे. आरशावर वाफ धरली तर आत अजून ओल आहे. वस्तू भट्टीत ठेवण्याआधीची परीक्षा याहून सोपी आहे. ती गालाला लावायची. गार लागली तर ओली. बोटांना हा फरक नीट कळत नाही, गालाला कळतो. कोंडा, राख किंवा लीद मातीत मिसळली की माती मोकळी होते, सुकताना आतले पाणी सहज बाहेर येते आणि ती चिरत नाही. कुंभार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मी भद्रावतीच्या ग्रामोदय संघात शिकायला होते तेव्हा तेथेही मातीत काय मिसळावे यावर जितके बोलणे होई तितके आकारावर होत नसे.

काकांचा बैल मी गालाला लावला. तो गार नव्हता. तरीही जाडी पाहून मी तो सर्वांत खालच्या फळीवर, मधोमध ठेवला.

स्टुडिओचा नियम असा की नवशिक्यांची प्रत्येक वस्तू शिक्षक तपासतो आणि शिक्षकच भट्टीत ठेवतो. 'प्रगत' सभासद आपल्या वस्तू स्वतः ठेवतात. हा मान म्हणून दिलेला हक्क आहे. त्या भट्टीत एका ज्येष्ठ सभासद ताईंची लोणच्याची झाकणाची बरणी होती. चाकावर त्यांच्याइतका स्थिर हात आमच्याकडे दुसऱ्या कोणाचा नाही, हे मी मनापासून लिहिते. बरणी त्यांनी आदल्या संध्याकाळी आणून वरच्या फळीवर ठेवली होती, झाकणासकट.

कच्ची भाजणी, म्हणजे काचेचा लेप देण्याआधीची पहिली भाजणी, हजार अंशांच्या जवळ जाते आणि निवायला भट्टी पुढचा सगळा दिवस घेते. सकाळी आमच्या व्यवस्थापकांनी दार उघडले तेव्हा मी पोहोचले नव्हते. खालच्या फळीवर खापऱ्यांचा ढीग, त्यात एक शिंग मोडलेला बैल आणि भोवती टवके उडालेले कप, असा फोटो त्यांनी लगेच समूहाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. खाली लिहिले, 'जाड वस्तू भट्टीत ठेवल्याचा परिणाम.' मी गाडीवरून उतरेपर्यंत तेथे निकाल लागून गेला होता. कोणी लिहिले होते की कच्चे काम वेगळे भाजा, कोणी नुकसानभरपाईची चौकशी केली होती. सर्वांत खाली काकांचा संदेश होता: 'क्षमस्व. माझ्यामुळे सर्वांचे नुकसान झाले. किती ते कळवावे, भरून देतो.'

मी भट्टीसमोर बसून एकेक तुकडा बाहेर काढला. सगळी माती लाल, एकाच गोणीतली, त्यामुळे रंगावरून काही कळणार नव्हते. पण बैलाच्या मोडलेल्या शिंगाच्या तोंडाशी जळून गेलेल्या कोंड्याची बारीक बारीक छिद्रे दिसत होती. ढिगातल्या एकाही खापरीत तशी छिद्रे नव्हती. खापऱ्या चपट्या होत्या, पापुद्रा सुटावा तशा सुटलेल्या, आणि काहींच्या एका बाजूला चाकावर बोट फिरल्याची वळणे होती. हाताने घडवलेल्या बैलावर ती असणे शक्यच नव्हते. दोन मोठ्या तुकड्यांच्या पाठीवर वाकड्या रेषा होत्या, शिंपल्यावर असतात तशा. चाक फिरत असताना भांडे तारेने कापून काढले की तळावर अशाच रेषा उमटतात, आणि नंतर तळ खरवडून पातळ केला की त्या जातात. म्हणजे हा तळ खरवडलाच नव्हता, तो जाडच राहिला होता आणि आत ओल धरून होता. वर पाहिले, तर बरणी आपल्या जागी उभी होती, झाकण तिरके झालेले, आणि खाली तळ नव्हता. फळी आणि भट्टीची भिंत यांच्यामध्ये उष्णता खेळावी म्हणून फट सोडलेली असते. बरणीचा तळ उडाला आणि त्याचे तुकडे त्या फटीतून खाली आले. त्यांतल्याच एकाने बैलाचे शिंग नेले. बैलाला बाकी कोठेही तडा नव्हता. नशीब इतकेच की भाजणी कच्ची होती. काचेच्या लेपाची असती तर हे तुकडे प्रत्येक कपाला कायमचे चिकटले असते. भट्टी तापवणाऱ्या विजेच्या तारांच्या खाचांमध्ये अडकलेला चुरा व्हॅक्यूमने काढण्यात दुपार गेली, कारण तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी तार तेथेच जळते.

मी तळाच्या तुकड्यांचे फोटो काढले, शेजारी शिंग ठेवून, आणि समूहावर सविस्तर लिहिले. सकाळच्या फोटोखाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. माझ्या खुलाशाला मोजके अंगठे मिळाले. ताईंनी मला फोन करून सांगितले की बैल फुटल्याच्या धक्क्याने बरणीचा तळ गेला असणार. बैल फुटलेलाच नाही, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, मग भट्टी भराभर तापवली असेल. हा ठपका भट्टी सांभाळणाऱ्या मुलावर जात होता, म्हणून मी कंट्रोलरवरचा क्रम तपासला. तो नेहमीचाच होता, आणि त्याच तापमानात भट्टीतले बाकी सगळे, तीन बोटे जाडीच्या बैलासकट, सुखरूप होते. त्यावर ताई गप्प राहिल्या. त्यांनी बरणीबद्दल एक शब्दही समूहावर लिहिला नाही. कुशल माणसांना आपल्या हातून घडलेल्या घाईबद्दल बोलणे इतके जड का जावे, हे मला खरोखर कळत नाही.

संध्याकाळी काका आले ते पाकीट घेऊनच. मी त्यांना तुकडे दाखवले, तारेच्या रेषा दाखवल्या, कोंड्याची छिद्रे दाखवली. त्यांनी सगळे लक्षपूर्वक पाहिले आणि म्हणाले, "असू द्या न मॅडम. मी नवीन आहो, माझ्याकडूनच झालं असंन." मी पाकीट घेतले नाही. आम्ही दोघांनी मिळून शिंग चिकटवले आणि ते बैल घेऊन गेले. तान्ह्या पोळ्याला त्यांच्या नातवाच्या गल्लीत लाकडी नंदींच्या रांगेत तो एकच मातीचा बैल होता, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. रविवारी मात्र ते पुन्हा आलेले नाहीत. त्यांचे काही वर्ग शिल्लक आहेत आणि त्यांचे पैसेही त्यांनी परत मागितलेले नाहीत.

व्यवस्थापकांनी यातून एक नवा नियम काढला: स्टुडिओच्या मातीत बाहेरचा कोणताही पदार्थ मिसळू नये. वस्तू वाचवली ती कोंड्याने आणि बंदी आली ती कोंड्यावर. शिवाय उंच तापमानाच्या भांड्यांसाठी जी तयार माती आम्ही गोणीने विकत घेतो, तिच्यात भाजलेल्या मातीचा चुरा कारखान्यातूनच मिसळून येतो, तोही बहुतांशी याच कामासाठी. मी हे लेखी दिले. उत्तर आले की तो चुरा 'प्रमाणित' असतो.

मी दुसरा नियम सुचवला आहे. वस्तू कोणाचीही असो, शिक्षकाने गालाला लावून पाहिल्याशिवाय ती भट्टीत जाणार नाही. आमच्या नोंदवहीत पातळी माणसापुढे लिहिलेली असते, वस्तूपुढे नाही, आणि त्या रात्री तपासणी झाली होती ती नेमकी ज्या वस्तूला काही होणार नव्हते तिची. ज्येष्ठ सभासदांना हा नियम अपमानास्पद वाटतो. एकाने विचारले की इतकी वर्षे काम करून आता आम्ही परीक्षा द्यायची का. निर्णय अजून झालेला नाही, पण भट्टी भरण्याची जबाबदारी येत्या रविवारी माझ्याकडे आहे. ताईंनी नवी बरणी केली आहे, या वेळी तळ खरवडून, तो मी पाहिला आहे. तरी ती मी गालाला लावणार आहे, त्यांच्यासमोरच, आणि त्यांना ते आवडणार नाही.