आठशे पौंडांचा कागद

इंग्लंडमधल्या स्विंडन गावात, एका मोफत सल्ला केंद्रात मी आठवड्यातले तीन दिवस बसते. बेकारी भत्ता, थकलेलं भाडं, कर्जाचे तगादे, असलं सगळं. मूळची मिरजेची. तिकडे बँकेत होते, त्यामुळे दुसऱ्याला पैशांबद्दल विचारताना मला संकोच वाटत नाही. जून २०२५ मधल्या त्या मंगळवारी मात्र प्रश्न विचारून बसले आणि वाटलं, दोघांना वेगवेगळं बोलवायला हवं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नवरा-बायको डिचोलीकडचे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप आहेत आणि बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. या दोघांनाही इथे कायम राहण्याचा हक्क मिळालेला, म्हणजे तो प्रश्न नव्हता. एकाच गोदामात सहा वर्षं रात्रपाळी केली आणि गोदाम बंद झाल्यावर एकाच दिवशी दोघं घरी बसले.

ती मराठी शाळेत शिकलेली. मला बघताच "ताई" म्हणाली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर हिशोब होता: ४००.१४ अधिक ४००.१४, बरोबर ८००.२८. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता. २०२५-२६ मध्ये पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाला त्याची महिन्याची मूळ रक्कम तेवढीच होती. माणसं दोन, म्हणून दुप्पट. भाड्याची मदत वेगळी.

"एका घरात राहणाऱ्या जोडप्याचा अर्ज एकच असतो," मी म्हटलं. "तुम्हाला दोघांना मिळून ६२८.१०."

तिने तिथेच वजाबाकी केली. १७२ पौंड १८ पेन्स कमी.

"म्हणजे लग्न केलं त्याचा दंड?" तो म्हणाला.

हे मी दर आठवड्याला ऐकते. सरकारचं म्हणणं असं, की भाडं एक, चूल एक, हीटर एक, मग दोघांचा खर्च एकट्याच्या दुप्पट होत नाही. विचार जुनाच आहे. ब्रिटनमधल्या सरकारी भत्त्यांचा पाया घालणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालातही एकट्याला आठवड्याला २४ शिलिंग आणि जोडप्याला ४० शिलिंग सुचवले होते. तेव्हाचं प्रमाण आजच्यापेक्षा थोडं उदारच म्हणायचं. अर्थात हे मी त्याला ऐकवलं नाही. नोकरी गेलेल्या माणसाला इतिहास सांगू नये.

मग तो मुद्द्यावर आला. शेजाऱ्याने सांगितलं होतं, एकाने मित्राचा पत्ता द्यायचा आणि वेगळे झालो म्हणायचं. मी सरळ सांगितलं, ही फसवणूक आहे. सापडलात तर पैसे परत द्यावे लागतील, दंड होईल आणि प्रकरण कोर्टातही जाऊ शकतं. तो गप्प झाला. मी फॉर्मचा पुढचा प्रश्न घेतला.

"बचत किती? दोघांची मिळून धरतात. गोव्यातल्या बँकेतलीसुद्धा."

"कामावरून काढताना दिले ते धरून चार हजार सहाशे," तो म्हणाला.

ती कागदाची घडी घालत होती. उलगडत होती, परत घालत होती. मग माझ्याकडे बघून मराठीतच, हळू आवाजात म्हणाली, "माझ्या खात्यात चौदा हजार आहेत."

त्याला ऐकू गेलंच. तो तिच्याकडे बघत राहिला. पुढची दोन-तीन मिनिटं ते कोकणीत बोलले. मला बरंचसं कळत होतं, पण मी स्क्रीनकडे बघत बसले.

बेरीज १८,६००. सोळा हजारांच्या वर जोडप्याची बचत गेली की युनिव्हर्सल क्रेडिट शून्य. आठशे नाही, सहाशे अठ्ठावीसही नाही. भाड्याची मदतही नाही.

"मग तीन हजार बहिणीला पाठवतो. घराचं छप्पर करायचंच आहे," तो म्हणाला. त्यालाही नाही म्हणावं लागलं. भत्ता मिळावा म्हणून पैसे हलवले असं ठरलं, तर ते तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशोब होतो. रोजच्या खर्चाने बचत सोळा हजारांवर आली तर अर्ज करता येतो. तेव्हाही सहा हजारांच्या वरच्या दर अडीचशे पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कापले जातात.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने पर्समधून पगाराच्या पावत्यांचं पाकीट काढलं. सहा वर्षांच्या पावत्या, महिन्यावार लावलेल्या. आमच्याकडे येणारे बहुतेक जण पिशवीभर चुरगळलेले कागद घेऊन येतात, म्हणून ते पाकीट अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या पावत्यांवरून पुढचं काम सोपं झालं. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा वेगळा भत्ता आहे. पगारातून नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, कापला गेला असेल त्याच्या जोरावर तो मिळतो. यात जोडीदाराची कमाई बघत नाहीत, बचतही नाही. या दोघांसाठी २०२२-२३ आणि २०२३-२४ ही वर्षं मोजायची होती आणि दोघांचीही पूर्ण भरलेली होती. प्रत्येकाला आठवड्याला ९२.०५ पौंड, जास्तीत जास्त १८२ दिवस. अर्ज दोन, वेगवेगळे.

मी कॅल्क्युलेटरवर महिन्याचा हिशोब केला. दोघांचे मिळून ७९७.७७. तिने कागद उलगडून बाजूला धरला. तिच्या आकड्यापेक्षा अडीच पौंड कमी.

भाडं मात्र यातूनच किंवा त्या चौदा हजारांतूनच जाणार होतं. ते मी दोनदा सांगितलं, कारण त्या क्षणी दोघांच्याही चेहऱ्यावर सगळं सुटल्यासारखं दिसत होतं.

"हे माझ्याच खात्यात येणार ना, ताई?" तिने विचारलं. युनिव्हर्सल क्रेडिट जोडप्याला सहसा एकाच खात्यात देतात, हे कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"तुझे तुझ्या, यांचे यांच्या."

बाहेरच्या दोन कॉम्प्युटरवर ते शेजारी शेजारी अर्ज भरायला बसले. काचेतून दिसत होतं. बराच वेळ दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग त्याने स्वतःचा इन्शुरन्स नंबर विचारला आणि तिने स्क्रीनवरून नजर न हलवता तो पाठ म्हणून दाखवला.