भरल्या ताटावरून

आमचा कुत्रा तांबू मला चावला त्याला आता बरीच वर्षं झाली. अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक पांढरे ठिपके अजून आहेत. ज्यांच्या घरात ताटलीवरून गुरगुरणारं कुत्रं आहे आणि ज्यांना रोज कोणीतरी 'सोडून या कुठंतरी' असं सांगतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीत कोणी विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आम्ही विश्रामबागेला भावाकडं होतो. पाणी ओसरल्यावर घर धुवायला आलो, तर जिन्याच्या वळणावर तांबूस रंगाचं एक पिल्लू बसलेलं. जेमतेम तीन महिन्यांचं असेल. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कुणाच्या तरी घरातून वाहत आलेलं गव्हाचं फाटकं पोतं त्याच्यापुढं होतं, आणि आंबून फुगलेले, वास मारणारे ते गहू ते खात होतं. मी उचलायला वाकलो तसे त्यानं पुढचे दोन्ही पाय गव्हावर ठेवले, मान खाली घातली आणि थरथरत तसंच बसून राहिलं. मला वाटलं, थंडीनं थरथरतंय. तेव्हाच नीट बघितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

घरी आल्यावर तांबू बाळसं धरू लागला. आईच्या पायात पायात, पोरीच्या मागं मागं. पण जेवण समोर आलं की वेगळाच. दूध-भाकरी दोन मिनिटांत फस्त, मग रिकामी ताटली चाटत अख्ख्या पडवीत फिरवायचा. डिसेंबरमध्ये मी जवळून गेलो तर खाता खाता थांबला आणि घशातून बारीक गुरगुर आली. मला रागच आला. ज्याला चिखलातून आणलं तो माझ्यावर गुरगुरतो?

ओळखीतल्या एकानं, ज्यानं आयुष्यभर कुत्री पाळली आहेत, ठामपणे सांगितलं, "आत्ताच मोडा. खाताना ताटली उचला, परत ठेवा. ताटलीत हात घाला. गुरगुरला तर मानगूट धरून खाली दाबा. मालक कोण ते कळलं पाहिजे." मी महिनाभर हे इमानेइतबारे केलं. आई एकदा म्हणाली, "आरं, भरल्या ताटावरनं कुणाला उठवू नये म्हणतात. ते काय माणसापुरतंच हाय व्हय?" मी म्हटलं, आई, तुला कळत नाही. आणि खरंच, तिसऱ्या आठवड्यात तांबू गुरगुरायचा बंद झाला. मी खूश.

जानेवारीचा शेवटचा रविवार. मटणातली एक नळी मी त्याला दिली होती. थोड्या वेळानं नेहमीसारखा उचलायला वाकलो. आवाज नाही, दात दाखवणं नाही, काही नाही. हाताला झटका बसला आणि रक्त फरशीवर. माझी सहा वर्षांची पोरगी तेव्हा तीन फुटांवर उभी होती. रात्री झोप लागली नाही ती हाताच्या दुखण्यानं नाही. तो वाकलेला चेहरा तिचाही असू शकला असता, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं.

इथं जरा थांबून सांगतो, कारण यात लोक हयगय करतात. चावा बसला की आधी नळाखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची. हळद नाही, चुना नाही. मग लगेच दवाखाना. मी सरकारी रुग्णालयात गेलो. रक्त आलं होतं म्हणून जखमेत आणि भोवती सीरमचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन दिलं, आणि लस त्याच दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. "घरचंच कुत्रं आहे, त्याला लस टोचलीये, कशाला एवढं?" असं म्हणणारे भेटतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. गरज आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

बायको एकच वाक्य बोलली, "मुलगी आधी." तिचं चुकीचं नव्हतं. तासगावच्या बाजूला पाहुण्यांचा मळा आहे, तिथं त्याला सोडायचं ठरत आलं होतं. मी एक महिना मागून घेतला. तोवर पोरगी आणि तांबू एका खोलीत एकटे राहणार नाहीत आणि त्याच्या जेवणाच्या वेळी पडवीचं दार बंद, या अटीवर.

जनावरांच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी आधी त्याचं तोंड उघडून पाहिलं. हाडानं हिरडी सोलून सुजली होती. विष्ठा तपासली, जंत निघाले. म्हणजे दुखतही होतं आणि पोटही भरत नव्हतं. मी केलेल्या 'शिकवणी'बद्दल सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही त्याचं गुरगुरणं घालवलंत. भीती होती तिथंच आहे. आधी तो सांगून चावला असता, आता न सांगता चावला." मला आईचं बोलणं आठवलं, आणि जिन्याच्या वळणावरचे ते गव्हावर ठेवलेले दोन पाय आठवले. ते पिल्लू थंडीनं कापत नव्हतं. आपलं जातंय, या भीतीनं कापत होतं. आणि मी महिनाभर रोज दोनदा त्याला पटवून देत होतो की भीती खरी आहे, हा हात येतो तो न्यायलाच येतो.

'मालक कोण ते दाखवा' हे खूळ आलं कुठून, तेही मी नंतर वाचलं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांच्या नात्यातले नसलेले लांडगे एका आवारात, त्यामुळं मारामाऱ्या आणि वरचढपणा. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकानं ही कळपाला दाबून ठेवणाऱ्या म्होरक्याची कल्पना जगभर नेली, आणि ती कुत्र्यांनाही लावली गेली. पण त्याच मीच यांनी रानातल्या लांडग्यांबरोबर वर्षानुवर्षं राहिल्यावर १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. ज्यांनी कल्पना पसरवली त्यांनीच ती मागं घेतली, आणि आपल्याकडं अजून पिल्लांची मानगुटं दाबली जातात. हे वाचून मला स्वतःचीच नाही, तांबूसारख्या किती जणांची कीव आली.

पहिले पंधरा दिवस शिकवणं वगैरे काही नाही. तांबूचं जेवण मागच्या पडवीत, दार लोटून. दोनाऐवजी तीन वेळा, थोडं थोडं. जंताचं औषध, हिरडीला औषध. हाडं कायमची बंद. शिजवलेलं हाड तसंही फुटून आतड्यात रुततं, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. तो खात असताना घरातलं कोणीही तिकडं जायचं नाही. एवढ्यानंच त्याचा खाण्याचा वेग उतरला.

मग खरं काम. त्याची रेघ कुठं आहे ते आधी शोधलं. दाराशी उभा राहून पाहिलं, तर मी बारा फुटांवर असताना तो निवांत खात होता. दहा फुटांवर आलो की शेपूट थांबायची, घास भराभर व्हायचे, मान ताठ, आणि तोंड ताटलीतच ठेवून डोळा तेवढा माझ्याकडं वळायचा, त्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसायचा. ही गुरगुरण्याच्या आधीची भाषा. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी ती शेपूट आणि तो डोळा बघायला शिका, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

ताटलीत साधा भात-भाकरी. माझ्या हातात बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बोटाच्या पेराएवढे तुकडे. (कांदा-लसूण अजिबात नाही, कुत्र्यांना ते बाधतं.) बारा फुटांवर यायचं, एक तुकडा ताटलीजवळ टाकायचा, पाठ फिरवून निघून जायचं. एका जेवणात दहा-बारा वेळा. बोलायचं नाही, रेंगाळायचं नाही. निघून जाणं फार महत्त्वाचं, कारण त्यालाही कळायला हवं की हा येतो, देतो आणि जातो, नेत काहीच नाही. आठवड्याभरानं माझी चाहूल लागली की तो मान वर करून शेपूट हलवायला लागला. तेव्हा एक फूट पुढं. मान ताठ दिसली की दोन फूट मागं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. त्या दिवसांत कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा पसरली होती आणि चिकन मातीमोल झालं होतं. मग लॉकडाऊन लागलं, तोच पाडव्याचा दिवस, २५ मार्च २०२०. दुकानं बंद झाली तेव्हा उकडलेलं अंडं आणि पनीर यांवर भागवलं. तोवर मी पाच फुटांवर आलो होतो. महिना उलटून गेला होता, पण बायकोनं मळ्याचा विषय काढला नाही. तीही रोज दारातून बघत होती.

घरीच बसून असल्यानं वेळ भरपूर होता. एप्रिलमध्ये ताटली रिकामीच ठेवायला लागलो. तो ताटलीकडं बघायचा, मग माझ्याकडं. मग मी एक डाव भात वाढायचा. खाल्ला की परत बघायचा. परत एक डाव. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं रिकाम्या ताटलीवरून नाक उचललं आणि माझ्या मनगटाला लावलं, ओलं, गार. ज्या हाताला चावला होता त्याच हाताला. मी पडवीत बसूनच राहिलो बराच वेळ. आई आतून विचारत होती, भात संपला का रे.

त्यानंतर 'सोड'. दोरीच्या गाठीपासून सुरुवात. तोंडात दोरी असताना नाकासमोर चिकन धरायचं, तोंड उघडलं की 'सोड' म्हणायचं, तुकडा द्यायचा, आणि दोरीही परत द्यायची. नंतर शब्द आधी, तुकडा मागाहून. दोरीवरून चप्पल, चपलेवरून भाकरीचा तुकडा. दहातले नऊ वेळा वस्तू परत मिळते असा त्याचा अनुभव पाहिजे, तरच दहाव्यांदा तो विश्वासानं सोडतो. मधे मधे गाडी घसरायची. गणपतीत खोबऱ्याची वाटी घेऊन दिवाणाखाली शिरला आणि भावजयीवर गुरगुरला. वर्षभरापूर्वी मी झाडू घातला असता. आता सगळ्यांना बाजूच्या खोलीत पाठवलं, लांबवर पनीर टाकलं, तो बाहेर आल्यावर दार लोटून वाटी उचलली. गुरगुरल्याबद्दल त्याला कोणी रागावलं नाही. गुरगुर परत आली होती याचाच मला धीर वाटला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तासगावच्या पाहुण्यांनी नवे बेदाणे पाठवले. आमच्या भागात घरोघरी बेदाणे असतात आणि द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे फार थोड्यांना माहीत आहे. दुपारी आई लवंडली होती. तांबू ओट्यावरची किलोची पिशवी ओढून दिवाणाखाली घेऊन गेला. पोरीनं पाहिलं. ती जवळ गेली नाही, शिकवल्याप्रमाणं दारातूनच ओरडली, "बाबा, तांबूनं बेदाणे घेतले!" मी आलो. प्लॅस्टिक फाटत आलं होतं. पुढचे दोन्ही पाय पिशवीवर, मान खाली, अगदी जिन्याच्या वळणावरच्यासारखं. माझ्या हातात काही नव्हतं. फ्रीजपर्यंत जाऊन येईतो पिशवी फुटली असती. मी चार फुटांवर उकिडवा बसलो, आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवला आणि म्हटलं, "तांबू, सोड." त्यानं माझ्याकडं पाहिलं. शेपूट थांबलेली होती. मग एकदा हलली. त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि पिशवी तिथंच ठेवून सरपटत बाहेर माझ्या मांडीशी आला. मी त्याला गळ्याशी धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीजमधलं होतं नव्हतं ते सगळं चिकन त्याच्यापुढं ठेवलं. बायकोनं पिशवी उचलली. एका बाजूला दातांची भोकं होती, बेदाणे आतच होते.

तांबू आज ताटलीवरून आमच्यापैकी कोणावर गुरगुरत नाही. तरी तो पडवीतच जेवतो, लहान मुलं घरी आली की दाराला कडी असते, आणि रस्त्यावरचं कुत्रं फाटकाशी आलं की ताटलीवर अजून त्याची मान ताठ होते. ते मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. पोरगी आता मोठी झाली आहे आणि संध्याकाळचा भात तीच वाढते. आधी त्याला हाक मारते, तो बघतो, मग वाढते, आणि दार लोटून घेते.