बैलांच्या पिकअपमागं ट्रॉली जोडायची का?

विट्याहून मायणी-वडूजमार्गे पुसेगावला जाताना हल्ली एक दृश्य नेहमीचं झालंय. पिकअपच्या हौद्यात खिलार जोडी आणि मागं हुकाला गावातल्या वेल्डिंगवाल्यानं केलेली दोनचाकी ट्रॉली, त्यात छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी. डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून बैलांचं भाडं वाढलं, तशा या ट्रॉल्याही वाढल्या. मी जनावरांचीच भाडी मारतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

बैलमालक म्हणतात, "भाऊ, हौद्यात छकडा घ्यायचा नाही म्हणतोस, मग मागं जोड की." हौद्यात नको, हे खरंच. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत बैलांबरोबर दुसरा माल भरायला मनाई आहे, आणि ब्रेक मारल्यावर छकड्याचं चाक बैलाच्या पायावर आलं तर काय होतं हे सांगायला नको. एका बैलाला दोन चौरस मीटर जागा, असं मोटार वाहन नियमांत आहे. आपल्या पिकअपचा हौदा सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे दोन बैलांत तो भरला.

पण ट्रॉली जोडली की फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, अडतो. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. रस्त्यात बैल घसरून बसला, वेसणीत अडकला, गाडीतून धूर निघाला, तर फाळका पाडून जनावर खाली घ्यायचं कसं? आधी पिन काढा, ट्रॉली ढकला, मग फाळका. बिथरलेला चारशे किलोचा बैल तेवढा वेळ देत नाही.

दुसरं वजनाचं. माल एका जागी राहतो, बैल राहत नाही. वळणावर तो बाजूला रेलतो आणि आख्खी गाडी कलते. त्यात मागच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. खरसुंडीला जाताना भिवघाटाच्या उतारावर ती गाडीला पुढं रेटते. तिथं ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा गियर आधीच खाली घ्यावा. जड सामान चाकांच्या थोडं पुढं ठेवावं, म्हणजे हुकावर जरा भार राहतो. सगळं मागं भरलं की ट्रॉली शेपटीसारखी डुलायला लागते. पिनेला लॉक आणि शिवाय वेगळी साखळी हवीच. मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टरही हवेत, कारण यात्रेहून परतायला रात्रच होते.

कागदाचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणं ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते. तिचा नंबर तिच्या बाजूला आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर तिच्या मागं हवा. वेल्डिंगवाल्याच्या ट्रॉलीला मुळात नंबरच नसतो. पिकअपचा विमा आहे म्हणून ट्रॉली आपोआप त्यात येत नाही. उद्या ती कुणाच्या मोटरसायकलवर गेली तर जीव त्याचा जाईल आणि भरपाईसाठी मालकाचं रान विकायची वेळ येईल. बैलांसाठी पशुवैद्यकाचा दाखला, सोबत एक माणूस आणि हौद्यात घसरू नये म्हणून काथ्याची मॅट, हे तर ट्रॉली असो-नसो लागतंच. बैलांची तोंडं केबिनकडं ठेवा, ती कमी बुजतात.

म्हणून मी ट्रॉली जोडत नाही. गावातल्या दोन-तीन जोड्या एकाच मैदानाला निघाल्या असतील तर सगळ्यांचे छकडे मिळून एका छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) घाला आणि भाडं वाटून घ्या. सांगायचं तेवढं आदल्या दिवशी सांगा, गाडी मी ठरवून देतो.