स्पॅम-गाळणीसाठी चुकलेली पत्रे गोळा करताना

आमच्या महाविद्यालयाच्या मेल-सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हे स्पॅम गाळणारे मुक्त सॉफ्टवेअर बसवलेले आहे. पत्राला नियमांनुसार गुण मिळतात आणि बेरीज ५ झाली की ते जंकमध्ये जाते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या 'शोधपत्रिकां'ची आमंत्रणे या नियमांतून सहज सुटत, आणि विद्यार्थ्यांनी मोबाइलवरून, विषयाची ओळ रिकामी ठेवून पाठवलेले शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र अडकत. कोणाचा तरी अर्ज मुदतीत वाचलाच जाऊ नये, ही मला फार गंभीर गोष्ट वाटत होती. म्हणून स्पॅमअसॅसिनमधील बेझ-पद्धतीच्या भागाला, म्हणजे नमुन्याच्या पत्रांतील शब्दांवरून स्पॅमची शक्यता मोजणाऱ्या भागाला, आमच्याच पत्रव्यवहारावर शिकवायचे मी ठरवले. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रे मिळेपर्यंत तो भाग आपले मतच देत नाही.

गाळणीने चुकीच्या बाजूला टाकलेली पत्रे एका पत्त्यावर फॉरवर्ड करावीत, अशी पहिली सूचना आली. परंतु फॉरवर्ड करताना मूळ हेडर (पत्र कोणाकडून, कोणत्या मार्गाने आले याच्या नोंदी) गळतात आणि प्रेषक म्हणून आपल्याच सहकाऱ्याचे नाव येते, त्यामुळे गाळणी नेमकी त्याच नावाला स्पॅमची खूण समजू लागेल. त्याऐवजी डोव्हकॉटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरील पत्रपेट्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अशी सोय केली की पत्र जंकमध्ये हलवले तर त्याची जशीच्या तशी प्रत स्पॅम म्हणून जमा व्हावी, आणि तेथून बाहेर काढले तर चांगले पत्र म्हणून. यात कचरापेटी वगळणे अत्यावश्यक होते. अन्यथा जंकमधून पुसलेले प्रत्येक स्पॅम चांगल्या पत्रांत मोजले गेले असते.

खरा वेळ गेला तो निवाड्यात. ग्रंथालयाचे नेहमीचे परिपत्रक नकोसे झाले म्हणून कोणी ते जंकमध्ये टाकतो, पण शिकवणीचा साठा सर्वांचा एकच असल्याने तेच परिपत्रक इतरांनाही मिळेनासे होऊ शकते. म्हणून जमा झालेल्या प्रती थेट न शिकवता आधी तपासायच्या, असे ठरले. दुसऱ्याची पत्रे तपासणे ही लहान बाब नव्हे. ज्यांनी लेखी संमती दिली त्यांचीच पत्रे घेतली, प्रेषक आणि विषय एवढेच पाहिले, आणि तेवढ्यावरून निर्णय होत नसेल तर पत्र सोडून दिले. साठ्यात पत्रांचा मजकूर राहत नाही, शब्दही मूळ रूपात न राहता हॅश होऊन, म्हणजे थेट वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, राहतात, हे सभेत समजावून सांगितल्यावर अनेकांचा संकोच गेला.

स्पॅम भराभर जमले. चांगली पत्रे जमेनात, कारण जंक कोणी उघडतच नव्हते. अखेर शिष्यवृत्ती विभागातील मावशींनी रोज सकाळी जंक चाळून अर्ज बाहेर काढण्याचे काम आपणहून घेतले. मराठी अर्जांचे नमुने साठ्यात आले ते बहुतांशी त्यांच्यामुळे, आणि पुढच्या प्रवेशाच्या हंगामात तसे अर्ज जंकमध्ये जाणे पुष्कळ कमी झाले. शोधपत्रिकांची आमंत्रणे नवनव्या नावांनी येतच असतात, त्यामुळे तपासणी अजून चालू ठेवली आहे.