गिझरमधलं गार पाणी

आमच्या घरचा गिझर वर्षातून दोनदा कामाला येतो. डिसेंबरात तो पाणी तापवतो, त्यात विशेष काही नाही. मे महिन्यात तो पाणी गार ठेवतो. हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही.

ज्या शहरात 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला, तिथल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं काय होत असेल! दुपारी नळ सोडला तर चटका बसतो. आंघोळीची बादली भरून ठेवायची आणि ती निवायची वाट बघायची, हा आमचा उन्हाळा. अशा वेळी गिझरचं बटण बंद ठेवून गरम पाण्याचा नळ सोडायचा. गिझरच्या टाकीभोवती फोमचा थर असतो. उष्णता आतून बाहेर निघाली की बाहेरून आत शिरली, त्याला काय घेणंदेणं? तो दोन्हीकडून अडवतो. पहाटेचं, रात्रभर निवलेलं पाणी आत भरून घेतलं की दुपारपर्यंत ते बरंच शाबूत राहतं.

मात्र 15 लिटरच्या गिझरातून 15 लिटर गार पाणी निघत नाही. थंडीत नवं पाणी खालून शिरतं, गार म्हणून तळाशीच बसतं आणि वरचं गरम पाणी सरळ बाहेर पडतं. उन्हाळ्यात खालून शिरतं तेच तापलेलं असतं. ते हलकं, म्हणून वर चढतं आणि सगळं कालवून टाकतं. अर्धी-पाऊण बादली झाली की मौज संपली. आमच्याकडे मे महिन्यात पहिला नंबर कोणाचा यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नाहीत.

एकदा पुण्याहून भाचा आला. भर मे महिन्यात त्यानं सवयीनं बटण दाबलं आणि पुढचा नंबर माझ्या बायकोचा होता. तेव्हापासून पाडव्याला त्या बटणावर चिकटपट्टी लागते, ती नरकचतुर्दशीच्या पहाटे निघते.

यंदा डिसेंबरात गिझरखाली पाण्याचे थेंब दिसले. सुरुवातीला मी निवांत होतो. पाणी तापलं की फुगतं आणि जास्तीचा दाब सेफ्टी वॉलमधून थेंबाथेंबानं निघतो, एवढं मला ठाऊक होतं. (या थेंबांना वैतागून काही लोक वॉललाच बूच मारतात. बंद डब्यात पाणी उकळायचा उद्योग आहे तो, स्वयंपाकघरात कोणी करणार नाही.) पण हे थेंब वॉलचे नव्हते. पत्र्याच्या शिवणीतून येत होते, आणि तांबूस होते.

आमचा कारागीर अधिवेशनाच्या दिवसांत सापडत नाही. मुंबईचं सरकार थंडी खायला नागपुरात येतं, तेव्हा शहरातल्या यच्चयावत गिझरांना त्याचीच गरज पडते, असं निदान तो सांगतो. चौथ्या दिवशी आला. झाकण उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, "काकाजी, टाकीच सडली. आता काही होत नाही."

"मागे तर तू कॉईल बदलून चालू केला होता ना?"

"कॉईल बदलता येते, थर्मोस्टॅट बदलतो, कटआउट बदलतो. टाकी कशी बदलू? तांब्याची असती तर झाळून दिली असती. हिच्यात आतून काचेचा लेप आहे, वेल्डिंग केलं की तो जळते."

मग त्यानं कॉईल बाहेर काढली. तीन वर्षांपूर्वीच बसवलेली, पण पांढऱ्या मक्याच्या कणसासारखी दिसत होती. नळाचं पाणी कमी पडलं की आमच्या कॉलनीत टाकीत बोरिंगचं पाणी सोडतात. त्यातला विरघळलेला चुना तापल्यावर बाहेर पडतो आणि कॉईलवरच बसतो. मग कॉईल आधी चुना तापवते, उरलंसुरलं पाण्याला देते आणि शेवटी स्वतःच जळते.

तिच्या शेजारून त्यानं एक गंजकी तार ओढली. "हा मॅग्नेशियमचा रॉड. बोटाएवढा जाड असते. टाकीच्या आधी हाच झिजते, म्हणून टाकी वाचते. दोन-तीन वर्षांनी बदलायचा असते." गिझर चौदा वर्षांचा होता आणि आत असं काही आहे हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्यासाठी झिजणारी कांडी म्हटल्यावर कोणीतरी इथं आईवर एक परिच्छेद लिहील. मी लिहीत नाही. मला त्या क्षणी आठवली ती काही शे रुपयांची कांडी न बदलल्यामुळे येणारी नव्या गिझरची किंमत.

सीताबर्डीवरच्या दुकानात पोरगं उत्साही निघालं. तीन लिटरचा इन्स्टंट घ्या, जागा कमी लागते. गॅसचा घ्या, बिल वाचते. आमच्या न्हाणीघराची खिडकी पोस्टकार्डाएवढी; तिथे गॅसचा लावून कार्बन मोनॉक्साइडची जोखीम कोण घेईल? सोलरला गच्ची सामाईक. बिलाचं म्हणाल तर 15 लिटर पाणी विशीतून साठ अंशांवर न्यायला 2000 वॉटच्या कॉईलला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे पाऊण युनिटाच्या आतबाहेर. त्याहून मला कोराडीची गंमत वाटते. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर वीज करतात, आणि ती वीज इथे येऊन परत पाणीच तापवते. निम्म्याहून जास्त उष्णता मधल्या मध्ये गडप. शिवाय त्या केंद्राला भांडेवाडीहून शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं. म्हणजे माझ्याच आंघोळीचं पाणी फिरून माझ्याच आंघोळीच्या कामी येत असेल. हे मी बायकोला दुकानात सांगू लागलो. ती म्हणाली, "अहो, आधी गिझर घ्या."

मी पोराला विचारलं, "फोम किती जाड आहे?"

"एकदम जाड काकाजी! रात्री तापवलेलं पाणी सकाळी गरम."

"आणि गार?"

तो क्षणभर बघत राहिला. मग तीन लिटरचा खोका बाजूला सारून, मालकाकडे एकदा पाहून हळूच म्हणाला, "मग पंचवीसचा घेऊन टाका. आमच्या घरी तोच आहे. एप्रिलपासून माझा बाप मला त्याला हात लावू देत नाही."